दोन मामा आणि मुंबईचा शिंदे

बिझनेस कन्सल्टंट नावाच्या माणसाचा मला हेवा वाटतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, गुडघे गेले, गोड बंद झालं, पण हा हेवा काही जात नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याकडून न्यायनिवाड्याची अपेक्षा करणार नाही. कारखान्यातल्या दिवसांविषयी लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे संप, भोंगे, यंत्रं असं काही असेल. माझ्या डोळ्यांपुढे मात्र एक सुटातला माणूस येतो. त्याच्या खांद्यावर शाल असते, आणि त्या शालीचं ताट माझ्या हातात असतं.

मी सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉप बघायचो. ज्यांनी प्रेस पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: लोखंडी पत्रा साच्यावर ठेवायचा, वरून जबरदस्त दाब द्यायचा, की पत्र्याला हवा तो आकार येतो. साच्याला आम्ही डाय म्हणतो. गाडीच्या दाराच्या आतला भाग, सीटखालची पट्टी, असलं सगळं आम्ही दाबून काढायचो आणि गाड्या बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीला द्यायचो. आमचं पोट त्या एका गिऱ्हाइकावर होतं. या कामात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. डाय नीट बसायला हवी आणि पत्रा चांगला हवा. कणीक नीट मळली नाही तर पोळी कडेला फाटते, तसा वाईट पत्रा कोपऱ्यात फाटतो. मग लाटणाऱ्याला कितीही शिव्या घाला, उपयोग नाही.

मालक भाऊसाहेब वणीकडचे, स्वतः लेथ चालवून वर आलेले. त्यांच्या घरी माझं जाणंयेणं होतं. त्यांची केतकी बोलायला लागली तेव्हा तिनं मला 'मामा' म्हटलं. तिच्या आई, शोभाताई, हसून म्हणाल्या, "घ्या, आता राखी बांधणं आलं!" आणि खरोखरच बांधू लागल्या. हळूहळू वॉचमनपासून मालकापर्यंत सगळा कारखाना मला मामा म्हणायला लागला. मलाही ते आवडायचं. पुढे शोभाताईंचे सख्खे भाऊ दिलीपराव खरेदी खात्यात आले आणि कारखान्यात दोन मामा झाले. कामगारांनी लगेच बारसं उरकलं. मी प्रेसचे मामा, ते परचेसचे मामा.

मामा होण्यात एक गोम आहे, ती मला उशिरा कळली. मामाचा मान असतो लग्नात, मुलीला मांडवात घेऊन येण्यापुरता. मुलगा पसंत करताना मामाला कुणी विचारत नाही. शिवाय कुणाला फसवलं की मराठीत 'मामा बनवला' म्हणतात. काका बनवला असं कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

दिलीपराव माणूस वाईट नव्हते. गप्पांना एक नंबर, मैत्रीला जागणारे. तीच तर पंचाईत होती. पत्रा त्यांच्या कॉलेजातल्या मित्राकडून यायचा, एक गठ्ठा जाड तर दुसरा पातळ. तुकडे कोपऱ्यात फाटायला लागले. मोठ्या कंपनीचा इन्स्पेक्टर ऐन पावसाळ्यात येऊन मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, दिवाळीपर्यंत सुधारा. नाहीतर डाय उचलून पुण्याला नेतील." डाय गिऱ्हाइकाच्या मालकीच्या असतात. त्या ट्रकवर चढल्या की कारखान्यात नुसते प्रेस उरतात आणि त्यांच्याकडे बघत बसलेली माणसं.

मी भाऊसाहेबांना सांगितलं. चहाला सांगितलं, गाडीत सांगितलं, केतकीच्या वाढदिवसाला केक कापायच्या आधी सांगितलं. "पत्रा बदला भाऊसाहेब. आणि खरं सांगू का, दिलीपरावांना दुसरं काहीतरी काम द्या."

"बघू मामा," ते म्हणायचे.

भाऊसाहेबांच्या 'बघू'तून आजवर काही निघालेलं मी पाहिलं नव्हतं. या वेळी निघाला तो कन्सल्टंट.

सल्लागार आम्हाला नवे नव्हते. नव्वद सालानंतर नाशिकच्या कारखान्यांत त्यांचं पेवच फुटलं होतं. एकानं सगळ्या जमिनीवर पिवळे पट्टे मारून घेतले आणि तो गेला. एका वास्तुवाल्यानं आमचं गेट पूर्वेला नेलं. तिथून पत्र्याचा ट्रक वळेना, म्हणून मागची भिंत पाडून पश्चिमेला आणखी एक गेट करावं लागलं. तेव्हापासून लक्ष्मी पूर्वेकडून आणि माल पश्चिमेकडून, अशी विभागणी होती. त्यामुळे नवा सल्लागार येणार हे कळल्यावर मी फक्त एवढंच विचारलं की या वेळी काय पाडायचं आहे.

ते मिस्टर शिंदे होते. मुंबईहून आले होते, नाव सांगताना 'शिंडे' म्हणत होते. श्रावणातल्या दमटपणात पूर्ण सूट, टाय आणि हातात पाण्याची बाटली. माझ्यापेक्षा कितीतरी लहान. भाऊसाहेबांनी विचारलं, "प्रवास बरा झाला ना?"

"फाइन. हॉटेल पंचवटीत आहे," ते म्हणाले. "येताना पाहिलं, गंगेला पाणी बरंच आहे."

भाऊसाहेब नुसते हसले आणि त्यांनी स्वतःची खुर्ची शिंद्यांना दिली. ती खुर्ची! तिच्यावर बसायचं सोडा, तिच्या पाठीवर मी कधी हातसुद्धा ठेवला नव्हता. त्या दिवसापासून केबिनमधली बिस्किटंही बदलली. मला इतकी वर्षं ग्लुकोज, शिंद्यांना काजूची. मी म्हणालो की पत्रा वाईट आहे, तर ती कुरकुर. शिंदे म्हणाले की पत्र्याविषयी काही ऑब्झर्वेशन्स आहेत, तर भाऊसाहेब पेन शोधायला लागले. माझ्या पोटात जे काही व्हायचं त्याला आमच्याकडे जळफळाट म्हणतात, आणि तो मी लपवत नव्हतो. डबा खाताना बोलायचो, दिलीपरावांपाशीसुद्धा बोलायचो. "मुंबईची हवा भरलेला फुगा," मी म्हणायचो, आणि दिलीपराव मनापासून हसायचे.

कामाला मात्र माणूस खोटा नव्हता, हे कबूल करताना आजही जिवावर येतं. तो रोज प्रेसपाशी उभा राहायचा, विचारायचा, ऐकायचा. मी त्याला सगळं सांगितलं, जे भाऊसाहेबांना सांगत होतो तेच. तो मान हलवून म्हणायचा, "इंटरेस्टिंग."

एका दुपारी मी भंगाराच्या ढिगाकडे गेलो होतो. पलीकडून मोबाइलवर बोलण्याचा आवाज आला.

"आये, मी काय सांगतो ते ऐक. चाळीत साठवलेला कांदा आत्ता काढू नको. लय घाई करती तू. अगं, त्या आडत्याला काय कळतं? मी काय येडा हाय का? मुंबईचे लोक मला पैसे देऊन इचारतात!"

तिकडून फोन आपटला गेला असावा. सूट वळला, आणि समोर मी.

"सर," मी विचारलं, "गाव कोणतं आपलं?"

खोटं सुचायला त्यांना वेळच मिळाला नाही. "सायखेडा," ते म्हणाले.

सायखेडा! माझी चुलतबहीण तिथे दिलेली. सातपूरहून दुपारी निघालं तर चहाच्या वेळेला पोचावं असं गाव, आणि तिथला पोरगा आमच्या मानगुटीवर मुंबईचा होऊन बसला होता. मला इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर दिसला असणार.

"मामा, एवढं पोटात ठेवा," शिंदे म्हणाले. 'शिंडे' गळून पडला होता. "मुंबईचा शिंदे म्हटलं की लोक ऐकतात. सायखेड्याचा म्हटलं की विचारतात, कोणत्या शिंद्याचा रे तू?"

"आणि घरी? घरचे ऐकतात?"

"घरी?" ते हातातल्या फोनकडे बघत म्हणाले. "आई कांद्यातलंसुद्धा ऐकत नाही. बाजारात कुणी परका काही सांगू दे, ते तिला खरं. पिकतं तिथं विकत नाही, मामा."

ही म्हण मी स्वतःविषयी रोज मनात म्हणायचो. तीही या माणसानं उचलली.

मग तो मीटिंगचा दिवस आला. केबिनमध्ये भाऊसाहेब, कागदावर डायरेक्टर असलेल्या शोभाताई, दिलीपराव, मी आणि भिंतीवर चित्रं पाडणारे शिंदे. त्यांनी सुरुवात केली. पत्रा यापुढे थेट पोलादाच्या मिलकडून घ्यावा. आलेला पत्रा परचेसनं नव्हे, प्रेसनं तपासावा. दिलीपरावांचे संबंध दांडगे आहेत, तेव्हा त्यांना खरेदीतून मोकळं करून ट्रान्सपोर्टचा स्वतंत्र धंदा काढून द्यावा. एक एक वाक्य माझं होतं. केकच्या आधी बोललेलं, चहाबरोबर बोललेलं. फक्त त्याला आता बाण आणि चौकोन फुटले होते. भाऊसाहेब हे सगळं जणू जन्मात पहिल्यांदा ऐकत होते.

दिलीपराव उठले. "मुंबईच्या माणसानं आम्हाला नाशिक शिकवायचं? सातपूर कुठं आणि अंबड कुठं, ते तरी माहीत आहे का तुम्हाला? दोन दिवस हॉटेलात राहता आणि आमची घरं मोडता!"

शिंद्यांचे कान लाल झाले. "ओ, लय झालं आता!" ते ओरडले. "नाशिक मला सांगू नका, मी हितलाच..."

आणि थांबले. दिलीपरावांचे डोळे बारीक झाले. शोभाताई कधी शिंद्यांकडे, कधी भाऊसाहेबांकडे बघत होत्या.

खरं सांगतो, वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. 'अहो, हे आपल्या सायखेड्याचे!' एवढं म्हटलं की झालं. खुर्ची गेली, काजूची बिस्किटं गेली, 'कोणत्या शिंद्याचा रे तू' सुरू झालं असतं. ते बघायला मला काय आवडलं असतं! पण मुंबईचा शिंदे गेला की त्याच्याबरोबर भिंतीवरचे बाणही गेले असते, पत्रा तोच राहिला असता, आणि दिवाळीला डाय ट्रकवर चढल्या असत्या. डाय बसवणाऱ्या माझ्या माणसांना पुण्याला कुणी नेणार नव्हतं.

मी मोठ्यानं हसलो. "सर रोज माझ्याबरोबर प्रेसवर उभे असतात ना, आमची भाषा लागली त्यांना!"

भाऊसाहेबांनी टेबलावर थाप मारली. "बघा! याला म्हणतात निरीक्षण! माणूस आला काय, आपली भाषा शिकला काय. नाहीतर आपली माणसं, इतकी वर्षं झाली, अजून इंग्लिशचा पत्ता नाही." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

म्हणजे त्याच्या आईनं शिकवलेल्या भाषेचं कौतुकसुद्धा त्यालाच, आणि इंग्लिश न येण्याचा ठपका मला.

ठराव झाला. दिलीपराव शिंद्यांचा उद्धार करत केबिनमधून निघाले आणि महिनाभर त्यांचाच उद्धार करत राहिले. मिलचा पत्रा आला. कोपरे फाटायचे थांबले. मोठ्या कंपनीचा इन्स्पेक्टर मला म्हणाला, "मामा, जमवलंत!" श्रेय मला देणारा तेवढाच एक. दसऱ्याला आम्ही यंत्रांची पूजा करतो, प्रेसला झेंडूचे हार, डायला हळदकुंकू. त्या वर्षी पूजेनंतर भाऊसाहेबांनी शिंद्यांना पुढे बोलावलं आणि सगळ्या कारखान्यासमोर शाल-श्रीफळ दिलं. "यांच्यामुळं आपण वाचलो," म्हणाले. ताट धरायला कुणीतरी हवं होतं. भाऊसाहेबांनी हाक मारली, "मामा, जरा ताट धरा."

मी धरलं. शाल उचलली गेल्यावर हलकं झालेलं ते ताट मी कुठे ठेवलं, आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी थेट केबिनमध्ये गेलो आणि भाऊसाहेब येताच म्हणालो, "मी राजीनामा देतो. आणि जाताना एक सांगून जातो. तुमचा मुंबईचा शिंदे सायखेड्याचा आहे."

"बसा मामा," भाऊसाहेब म्हणाले. आम्ही दोघंच असलो की ते वणीचे व्हायचे. "सायखेड्याचा हाय का चांदोरीचा, ते नव्हतं ठाऊक. पण आपला हाय, हे पहिल्याच दिवशी कळलं."

"कसं?"

"गंगेला पाणी हाय म्हणाला ना! मुंबईचा माणूस गोदावरी म्हणतो. गंगा म्हणणारा इथलाच."

"मग त्याला खुर्ची कशाला दिलीत? शाल कशाला?"

"दिलीपला दिसावी म्हणून. शोभाला दिसावी म्हणून." त्यांनी काजूच्या बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. "तुम्ही पत्र्याचं बोलले तेव्हाच मला पटलं व्हतं. पण घरी जाऊन काय सांगू? राखीच्या भावानं सख्ख्या भावाला उठवलं? शोभानं तुम्हाला परत राखी बांधली असती? दिलीप माझ्या दारात आला असता? बाहेरच्याला शिव्या देता येतात, मामा. तो बॅग उचलून जातो. घरच्यानं कुठं जायचं?"

"मग मला आधी सांगायचं तरी!"

"नाय सांगितलं. तुमचं तोंड बघून शोभाला कळलं असतं. तुम्ही त्याच्यावर इतके जळत व्हते, म्हणून तर दिलीपला खरं वाटलं का हे सारं मुंबईहून आलंय."

माझा जळफळाटसुद्धा कामाला लावला होता या माणसानं. त्याची पावती मात्र कुठेच नव्हती. कंपन्या बाहेरून सल्लागार का आणतात, असं मला लोक विचारतात. मी ही केबिन आठवतो आणि सांगतो, सल्ला बहुतेक वेळा घरात असतो, पण शिव्या घराबाहेर ठेवायला जागा लागते. राजीनामा मी दिला नाही. बिस्किटं मात्र सगळी खाल्ली.

पुढे काही वर्षांनी केतकीचं लग्न झालं. भटजींनी पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." दिलीपराव उठले, त्यांचा ट्रान्सपोर्टचा धंदा एव्हाना चांगला चालला होता. त्यांनी माझा हात धरला. "चला मामा, दोघं जाऊ." बोहल्याकडे चालताना माझ्या कानाशी म्हणाले, "त्या मुंबईवाल्यानं माझ्या पोटावर पाय दिला. तुम्ही मात्र तेव्हा एक शब्द माझ्याविरुद्ध बोलला नाहीत. मी विसरलेलो नाही."

अंतरपाटामागे केतकी उभी होती, तिच्या मागे आम्ही दोन मामा. माझ्या उभ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं काम माझ्याच घशात अडकलेलं, आणि ते मला तिथेच गिळायचं होतं. मी म्हणालो, "जाऊ द्या हो दिलीपराव, झालं ते झालं." मंगलाष्टकं सुरू झाली.

लग्नानंतर शिंद्यांचा फोन आला. "मामा, केतकीचं लग्न झालं म्हणे. मला पत्रिका नाही आली."

"कशी येणार? दिलीपरावांनी तुम्हाला मांडवात उभं केलं असतं का?"

"तेच म्हणतो मी. इतक्या कंपन्यांत गेलो, लग्नाला एक कुणी बोलवत नाही." मग म्हणाले, "तुमचा हेवा वाटतो, मामा."

खोटं बोलत असतील. सल्लागारच ते. पण मला ऐकायला गोड लागलं, आणि त्या गोडीत मी पुढच्या गोष्टीला हो म्हणून बसलो. ती गोष्ट अशी की, मी सायखेड्याला जाऊन त्यांच्या आईला कांद्याचं सांगावं. "कांदा आत्ता काढू नका, सडका निवडून बाजूला करा, चाळीला हवा मोकळी ठेवा. बस, एवढंच. माझं नाव घेऊ नका."

"अहो, मला कांद्यातलं काही कळत नाही."

"कळायला कशाला पाहिजे? तुम्ही बाहेरचे आहात!"

मी गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. शिंद्याच्या आईनं ओसरीवर खुर्ची टाकली आणि शेजारपाजारच्यांना हाका मारल्या, "या गं, नाशिकचे सायेब आलेत!" मी शिंद्यानं सांगितलेलं अक्षरही न बदलता म्हणून दाखवलं. मध्ये एकदा 'इंटरेस्टिंग' म्हणालो. म्हातारी मान हलवत होती. त्या वर्षी तिनं कांदा थांबवला, आणि भाव चढला.

दिवाळीला जेवायचं बोलावणं आलं. जेवण झाल्यावर सगळी आळी ओसरीवर जमली. म्हातारीनं माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. मग ती लेकाकडे वळली. "बघ, याला म्हणायचं सांगणं. तू कधी असं नीट सांगितलं का मला?"

शिंदे मुंबईहून मुद्दाम आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मी ताबडतोब ओळखली. दसऱ्याच्या दिवशी ती माझ्या तोंडावर होती. ताट त्यांच्याच हातात होतं. त्यात आता फक्त टोपी उरली होती.

"जरा पुढं करा की ताट, सर," मी म्हणालो.

टोपी मी नाशिक येईपर्यंत डोक्यावरून काढली नाही.